द्राक्षबागांतून गेलेली सीमा

स्लोव्हेनियाच्या पश्चिम टोकाला नोव्हा गोरित्सा नावाचं शहर आहे. तिथून ब्रदाच्या द्राक्षबागांकडे निघालं की रस्ता सोचा नदी ओलांडतो आणि साबोतिन डोंगराच्या कुशीला लागतो. पुढचे साधारण दीड किलोमीटर गाडी इटलीत असते. त्या टप्प्यात रस्त्याला फाटा फुटत नाही, थांबायला जागा नाही, आणि पलीकडे गाडी पुन्हा स्लोव्हेनियात उतरते. १९४७ साली इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यात सीमा आखली गेली, तेव्हा ब्रदाच्या शेतकऱ्यांचा गोरित्सियाच्या बाजारात जायचा नेहमीचा रस्ताच पलीकडे गेला. मग किती तरी वर्षं ही माणसं प्लावेवरून लांबचा वळसा घालून ये-जा करत होती. १९७५ च्या ओसिमो करारात या जोडरस्त्याची तरतूद झाली आणि १९८५ मध्ये तो सुरू झाला, तोही दोन्ही बाजूंना उंच कुंपण घालून. दीड किलोमीटरसाठी आंतरराष्ट्रीय करार लागला!

ऑस्ट्रिया, इटली आणि स्लोव्हेनिया या तीन देशांतून गाडीने फिरायचा बेत आखताना हा रस्ता आधी समजून घ्यावा. कारण आपल्याकडे युरोपची सहल आखतात ती शहरं मोजून, नाही तर किलोमीटर मोजून. इथे दोन्ही हिशेब चुकतात. बोल्झानो ते कोर्तिना हे अंतर जेमतेम एकशे दहा किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईहून लोणावळ्याच्या थोडं पुढे. पण डोलोमाइट्सच्या जुन्या रस्त्याने, घाटामागून घाट चढत-उतरत गेलं तर कुठेही न थांबता तीन तास मोडतात, आणि न थांबता जाणारा माणूस त्या रस्त्यावर सापडणं अवघड आहे. या प्रवासात मोजायचे असतात ते घाट आणि सीमा. रस्ता कुठून न्यायचा, व्हिसा कुणाचा घ्यायचा, गाडी कुठे परत करायची, कोणत्या महिन्यात जायचं, हे सगळं त्यांच्यावरच ठरतं.

सर्वांत आधी महिना. बहुतेक मराठी घरांत सुट्टी म्हणजे मे किंवा दिवाळी. मे महिन्यात हे उंच घाट नुकतेच उघडत असतात, काही बर्फाखालीच असतात. दिवाळीपर्यंत ग्रोसग्लोकनरचा रस्ता बंद व्हायच्या बेतात असतो, कधी बंद झालेलाही असतो. तो साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच खुला असतो. ऑगस्टमध्ये अर्धी इटली सुट्टीवर असते, खोल्या महाग होतात आणि घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. म्हणून गणपती विसर्जन झालं की निघावं आणि दसऱ्याच्या आसपास परतावं. त्या दिवसांत घाट उघडे असतात, गर्दी ओसरलेली असते आणि द्राक्षांची तोडणी चालू असते. नाशिकच्या वाचकाला यात एक गंमत जाणवेल. तिकडे तोडणीची घाई असते त्याच सुमारास दिंडोरी-निफाडकडे गोडी छाटणीची लगबग असते आणि वाइनच्या द्राक्षांचा आपला हंगाम जानेवारी ते मार्च असा येतो. युरोपातली वेल थंडीत झोपते. आपल्याकडची झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटून वळण लावावं लागतं.

दुसरा प्रश्न गाडी कुठे घ्यायची हा. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर भाड्याच्या जोडीला एवढं शुल्क लागतं की सगळा हिशेब कोलमडतो. त्यामुळे वर्तुळ आखणं शहाणपणाचं. म्युनिकहून सुरुवात करावी, दक्षिणेला ऑस्ट्रिया, मग इटली, पूर्वेला स्लोव्हेनिया आणि ऑस्ट्रियातूनच वर पुन्हा म्युनिक. गाडी कोणकोणत्या देशांत नेणार हे भाडेकरारात लिहून घ्यावं. काही कंपन्या महागड्या गाड्या इटलीत न्यायला परवानगी देत नाहीत. अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड पुष्कळदा चालत नाही. विमा घेताना काच, टायर आणि गाडीचा तळ त्यात धरलेत का हे वाचावं, कारण घाटरस्त्यात नेमकं तेच दुखावतं. आणि शक्यतो ऑटोमॅटिक गाडी घ्यावी. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने, हे सगळं एकदम अंगवळणी पडायला वेळ लागतो. तो वेळ हेअरपिन वळणावर मिळत नाही.

आपल्या वाहन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. तो आरटीओतून मिळतो, अर्ज परिवहनच्या पोर्टलवर करता येतो आणि मुदत एक वर्षाची असते.

व्हिसाची गोष्ट थोडी तपशिलात सांगायला हवी, कारण इथेच लोक अडकतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली आणि स्लोव्हेनिया, चारही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे व्हिसा एकच. पण तो मागायचा कुणाकडे? जिथे सर्वांत जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार तिथे. म्हणजे विमान म्युनिकला उतरत असलं तरी वर्तुळातल्या सात रात्री इटलीत असतील तर अर्ज इटलीकडेच जातो. म्हणून आधी मुक्कामांचा तक्ता, मग व्हिसाची अपॉइंटमेंट. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो; सप्टेंबरसाठी मे महिन्यातच हालचाल सुरू केलेली बरी. शुल्क जून २०२४ पासून नव्वद युरो आहे, प्रवास विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. भारतीयांसाठी एक चांगला बदल एप्रिल २०२४ मध्ये झाला. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमाने वापरलेले असतील तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा मिळू शकतो.

शेंगेन आहे म्हणून पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरू नये. स्लोव्हेनिया २००७ च्या डिसेंबरात शेंगेनमध्ये आला आणि इथली नाकी ओस पडली. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीने स्लोव्हेनियाच्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवत नेली. वाइन चाखायला दिवसातून तीनदा सीमा ओलांडणाऱ्याच्या खिशात पासपोर्ट असलेला बरा.

आता रस्ता. ऑस्ट्रियातून इटलीत जायचा सरधोपट मार्ग ब्रेनर खिंडीचा, पण तो ट्रकांनी भरलेला असतो. शिवाय तिथल्या लुएग पुलाच्या कामामुळे २०२५ च्या सुरुवातीपासून तिथे बरेच दिवस एकेकच मार्गिका चालू असते. ब्रेनर सोडावा आणि झेल आम झे गावावरून ग्रोसग्लोकनरचा रस्ता धरावा. ४८ किलोमीटर, ३६ हेअरपिन वळणं, माथा २,५०४ मीटरवर. फ्रान्झ वालाक या अभियंत्याने तो आखला, १९३० साली काम सुरू झालं आणि ऑगस्ट १९३५ मध्ये तो खुला झाला. मंदीच्या त्या वर्षांत हजारो बेकारांना या कामाने हात दिला. टोल चाळीस युरोंहून अधिक आहे. रस्ता रात्री बंद असतो, त्यामुळे सकाळी लवकर चढावं. दुपारनंतर माथ्यावर ढग उतरतात.

मुख्य रस्त्यापासून एक फाटा कैसर-फ्रान्झ-योझेफ्स-ह्योहे या ठिकाणी जातो. समोर ३,७९८ मीटर उंचीचं ग्रोसग्लोकनर शिखर आणि पायथ्याशी पास्तेर्झे हिमनदी. बर्फापर्यंत उतरता यावं म्हणून १९६३ साली इथे एक छोटी रेल्वे बांधली होती. ती जिथे संपत असे, त्या जागेवरून आज बर्फ बघायला खाली, फार खाली वाकून बघावं लागतं. मधला सगळा उतार उघडा करडा खडक आणि चिखलट पाणी आहे. हवामानबदलावर शंभर लेख वाचून जे मनात उतरत नाही ते इथे कठड्याला टेकून पाच मिनिटांत उतरतं. मुलं सोबत असतील तर इथे घाई करू नये.

उताराला गाडी ब्रेकवर सोडायची नाही, खालच्या गिअरवर ठेवायची. आंबेनळी, कुंभार्ली, वरंधा उतरलेल्या चालकाला हे सांगायला नको. पण भाड्याच्या ऑटोमॅटिक गाडीत ते कसं करायचं हे वर चढण्याआधी बघून ठेवावं.

लीन्झवरून पश्चिमेला वळलं की इटलीची सीमा येते ती कळतही नाही. दोन्हीकडे भाषा जर्मन, घरं तशीच, बाल्कन्यांत फुलं तशीच. हा दक्षिण टायरोल. पहिल्या महायुद्धानंतर सँ-जर्मांच्या तहाने तो ऑस्ट्रियाकडून इटलीला गेला. इथे प्रत्येक गावाला दोन नावं आहेत आणि डोलोमाइट्सच्या काही खोऱ्यांत लादिन भाषेतलं तिसरंही. बोल्झानो आणि बोत्सेन एकच, ब्रुनिको आणि ब्रुनेक एकच. नकाशात दोन्ही लिहून ठेवली नाहीत तर वाटेतल्या पाट्या गोंधळात पाडतात.

सीमेचा सर्वांत नवलाचा किस्सा याच प्रांतातला आहे. १९ सप्टेंबर १९९१ रोजी दोन जर्मन गिर्यारोहकांना हिमनदीच्या कडेला एक प्रेत दिसलं. ऑस्ट्रियाच्या लोकांनी ते बाहेर काढलं आणि इन्सब्रुकला नेलं. पुढे कळलं की हा माणूस सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा आहे. मग मोजणी झाली आणि सापडलेली जागा सीमेपासून ९२.५६ मीटर आत, इटलीत निघाली. ओत्झी नावाने ओळखला जाणारा हा माणूस आज बोल्झानोच्या संग्रहालयात, थंड कप्प्यात, छोट्या काचेमागे आहे. त्याच्या अंगावरचे चामड्याचे कपडे, तांब्याची कुऱ्हाड, गवत भरलेले जोडे, सगळं शेजारी मांडलेलं आहे. तिकीट आधी काढावं, रांग मोठी असते.

बोल्झानोच्या दक्षिणेला वाइनचा रस्ता सुरू होतो. १९६४ साली आखलेला हा मार्ग इटलीतल्या सर्वांत जुन्या वाइनमार्गांपैकी. काल्टर्नच्या तळ्याभोवती आणि ट्रामिन गावाच्या उतारांवर मांडवाच्या आणि तारेच्या बागा दिसतात, तळाच्या सपाटीला सफरचंदं. लाग्राइन ही इथली गडद तांबडी वाइन, व्हेर्नाच हलकी, रोजच्या जेवणाबरोबरची. गेवुर्त्सट्रामिनर या सुगंधी पांढऱ्या वाइनच्या नावात ट्रामिन आहेच. इथली बरीचशी वाइन गावोगावच्या सहकारी संस्था करतात. साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या मराठी माणसाने अशा एखाद्या सोसायटीचं तळघर जरूर पाहावं. पाच-सात एकरवाला शेतकरी द्राक्षं घेऊन येतो, त्याच्यासमोर साखरेचं प्रमाण मोजलं जातं आणि प्रतीनुसार भाव लागतो.

ऑक्टोबर लागला की डोंगरातल्या शेतघरांत ट्योर्गेलन सुरू होतं. ओसरीवजा लाकडी खोलीत लांब बाकांवर बसायचं, भाजलेले चेस्टनट, अक्रोड आणि अजून अर्धवट आंबत असलेली नवी वाइन. मांसाहार न करणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. पालक किंवा चीज घातलेले पावाचे उकडलेले गोळे म्हणजे क्न्योडेल, आणि पालक-रिकोटा भरलेले श्लुत्सक्राफेन मिळतात. आत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे तर नाहीत ना, हे मात्र प्रत्येक वेळी विचारून घ्यावं.

वाइन आणि गाडी एकत्र आल्यावर कायद्याचं बोलणं टाळता येत नाही. तिन्ही देशांत चालकाच्या रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर इटलीत शून्य. भारतातली मर्यादा याहून कडक आहे, शंभर मिलिलीटरला तीस मिलिग्रॅम. पण आकड्यांच्या काठावर चालण्यात अर्थ नाही. चाखून थुंकायला प्रत्येक वाइनरीत भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरणं तिथे मुळीच असभ्य मानत नाहीत. त्याहून चांगला उपाय म्हणजे मुक्कामच द्राक्षबागेत घ्यावा आणि गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नये. बेत आखताना वाइनरींना महिनाभर आधी ईमेल करावा; लहान घराण्यांत तोडणीच्या दिवसांत न कळवता आलेल्याला वेळ देता येत नाही.

बोल्झानोहून कोर्तिनाकडे जाणारा डोलोमाइट्सचा महामार्ग १९०९ मध्ये पुरा झाला, तेव्हा हा भाग ऑस्ट्रियाचा होता. पोर्दोई खिंड २,२३९ मीटरवर, एका बाजूने २७ आणि दुसऱ्या बाजूने ३३ वळणं. तिथे फाउस्तो कोप्पी या सायकलपटूचं स्मारक आहे आणि त्याला मानणारे शेकडो सायकलस्वार घाट चढत असतात. त्यांच्या मागे हॉर्न वाजवू नये, जागा मिळाली की लांबून पुढे जावं. पुढे फाल्झारेगो खिंडीत लागाझुओई डोंगर पहिल्या महायुद्धात आतून पोखरलेला आहे. इटालियन आणि ऑस्ट्रियन सैनिकांनी एकमेकांच्या खाली भुयारं खणून सुरुंग उडवले. ती भुयारं आता हेल्मेट आणि विजेरी घेऊन उतरता येतात.

कोर्तिनाहून फ्रिउलीकडे जाताना बहुतेक गाड्या सरळ मोटरवेला लागतात. लोंगारोनेपाशी पूर्वेला चढणारा छोटा रस्ता घ्यावा. दोन वळणांत व्हायोंत धरणाची उंच, सडपातळ भिंत समोर येते. भिंत २६१ मीटरची, आजही धडधाकट उभी आहे. तिच्यामागे पाणी नाही, डोंगर आहे. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री मोंते तोक डोंगराचा अख्खा उतार तलावात घसरला, उसळलेली लाट भिंतीवरून खालच्या दरीत कोसळली आणि लोंगारोने गाव आणि आसपासच्या वस्त्या मिळून सुमारे दोन हजार माणसं काही मिनिटांत गेली. डोंगर सरकतोय याच्या खुणा आधीपासून दिसत होत्या, मोजल्याही जात होत्या. पावसाळ्यात दरडींच्या बातम्या वाचत वाढलेल्या माणसाला ही जागा चुकवण्यासारखी नाही.

आणि मग कोल्लिओ. कोर्मोन्स गावाच्या वर बुटक्या टेकड्यांची रांग, इटलीत तिला कोल्लिओ म्हणतात, सीमेपलीकडे ब्रदा. माती एकच. इटालियन तिला पोंका म्हणतात, स्लोव्हेन ओपोका. चुनखडीयुक्त गाळ आणि वाळूखडक यांचे थर आहेत. बांधावरून एक ढेकूळ उचललं तर ते बोटांत पापुद्रे सुटल्यासारखं फुटतं. पाणी धरत नाही, म्हणून वेल मुळं खोल घालते. द्राक्षही एकच, इकडे रिबोल्ला जाल्ला, तिकडे रेबुला.

गोरित्सियाच्या वरच्या ओस्लाविया गावात योश्को ग्राव्नर यांनी या द्राक्षाला जगभर नेलं. नव्वदच्या दशकापर्यंत ते स्टीलच्या टाक्या आणि नव्या ओकच्या पिंपांत आधुनिक वाइन करत आणि त्यात नावाजलेलेही होते. मग ते सगळं सोडून ते जॉर्जियाला गेले, तिथून मातीचे प्रचंड रांजण आणले आणि तळघराच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरले. २००१ च्या हंगामापासून त्यांची पांढरी द्राक्षं सालांसकट महिनोन् महिने त्यात आंबतात, पुढे वर्षानुवर्षं मोठ्या पिंपांत राहतात. पेल्यात जे येतं ते अंबर रंगाचं, जिभेला किंचित तुरट लागणारं. पहिल्या घोटाला आवडेलच असं नाही. सोबत फ्रिको मागवावा, किसलेलं मोंतासिओ चीज आणि बटाटा तव्यावर खरपूस होईपर्यंत परतून केलेला, आणि मग पुन्हा घोट घ्यावा.

याच बागांच्या मधोमध गोल बुरुजांचं अस्थिस्मारक आहे. त्यात सुमारे ५७,००० सैनिकांचे अवशेष आहेत. सोचा, म्हणजेच इसोंझो नदीकाठी १९१५ ते १९१७ या काळात बारा लढाया झाल्या आणि ओस्लाविया गावाचा दगडही जाग्यावर उरला नाही. आजची प्रत्येक वेल त्यानंतर लावलेली आहे.

१९४७ च्या रेषेने याच टेकड्या चिरल्या. घर इकडे, बाग तिकडे. मिरेन गावाच्या दफनभूमीतून तर ती थडग्यांवरूनच गेली आणि १९७५ पर्यंत तशी राहिली. जुनं गोरित्सिया शहर इटलीत राहिलं, म्हणून युगोस्लाव्हियाने शेजारी एडवर्ड राव्निकर यांच्या आराखड्यावर नवं शहर, म्हणजेच नोव्हा गोरित्सा, उभारलं. १३ ऑगस्ट १९५० च्या रविवारी नातेवाइकांना सीमेवर भेटण्यासाठी जमलेली गर्दी पहारे मोडून गोरित्सियात शिरली. दुकानं उघडली, टंचाईत दिवस काढणाऱ्या बायाबापड्यांनी मिळेल ते घेतलं आणि सर्वांत जास्त घेतले ते झाडू. तो दिवस आजही झाडूंचा रविवार म्हणून ओळखला जातो. २००४ मध्ये रेल्वे स्थानकासमोरच्या चौकातलं कुंपण निघालं, आणि २०२५ साली ही दोन शहरं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली.

ब्रदात श्मार्तनो या तटबंदीच्या गावात राहावं. दोब्रोवोला १९५७ पासूनचं सहकारी तळघर आहे. परतताना सोचाच्या काठाने कोबारिद गाठावं, तिथलं युद्धसंग्रहालय छोटं पण मनापासून उभं केलेलं आहे. गोरित्सियापासून बोवेत्सपर्यंत राज्यरस्त्यांनी गेलं तर स्लोव्हेनियाचं टोल-व्हिन्येट, म्हणजे महामार्गांचा मुदतीचा पास, लागत नाही. मात्र नोव्हा गोरित्साजवळ व्रतोय्बाच्या नाक्यावरून आत आलं तर तो जलदमार्ग असतो, तिथे व्हिन्येट नसेल तर दंड तीनशे युरोंपासून सुरू होतो. नेव्हिगेशनला टोलचे रस्ते टाळायला आधीच सांगून ठेवावं.

बोवेत्सहून शेवटचा मोठा घाट वर्शिचचा, १,६११ मीटर, पन्नास वळणं. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून तो बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमस्खलनात अनेक कैदी गाडले गेले आणि सोबत्यांनी त्यांच्यासाठी बांधलेलं लाकडी प्रार्थनाघर उत्तरेच्या उतारावर आहे. त्या बाजूच्या वळणांवर अजून दगडी फरशी आहे, ओली असली की घसरडी होते. पुढे क्रान्स्का गोरा, वुर्झन खिंड, फिलाख, आणि ऑस्ट्रियाच्या टाउएर्न महामार्गाने उत्तरेला. तिथे व्हिन्येट तर लागतंच, टाउएर्न आणि काट्शबेर्ग बोगद्यांचा टोल वेगळा.

परतीच्या विमानाआधी एक रात्र मोकळी ठेवावी आणि ती बोवेत्सला जोडता येईल असं आरक्षण करावं. सप्टेंबरअखेरीस वर्शिचवर एखादा दिवस बर्फ पडू शकतो. रस्ता बंद असेल तर बोवेत्सहून प्रेदेल खिंड चढायची, १,१५६ मीटरची, पलीकडे पुन्हा इटली, खाली प्रेदिलचं निळं तळं आणि तार्विसिओवरून फिलाख. अंतर फार वाढत नाही. पासपोर्ट तेवढा हाताशी असावा.